देवाकडे माझ्या तक्रारी

आमच्या पप्पांची प्रार्थना म्हणजे देवाच्या निमित्ताने मला दिलेली बोलणी. ख्रिस्ती घरात संध्याकाळी सगळ्यांनी बसून मोठ्याने प्रार्थना करायची पद्धत असते. तोंडावर पप्पा मला चकार शब्द बोलत नसत. डोळे मिटले की मात्र सुरू. "हे प्रेमळ पित्या, तू जाणतोसच, हिने काल पुन्हा आवाज चढवला. हिला सौम्यता दे." मी हात जोडून, दातओठ खात ऐकायची. मध्ये बोलायची सोय नाही, कारण बोलणं त्या दोघांचं चाललेलं. वर शेवटी आमेन म्हणायचं, म्हणजे सगळे आरोप कबूल.

मम्मी गेल्यावर पप्पा उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या घरात एकटेच राहिले. मी त्याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला, देवास गेट भागात राहते. "माझ्याकडे चला" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी एकटा कुठे आहे? तो बघतो आहे ना." तो म्हणजे वरचा. मेंढपाळाची नजर असताना मेंढराने काळजी करायची नसते म्हणे. हे मेंढरू ऐंशीच्या घरातलं, गुडघ्याने अधू आणि ओल्या फरशीवर झिजलेल्या रबरी चपला घालून फिरणारं. मला त्या भरवशाची चीड यायची. देवाने नुसतं बघायचं आणि धावपळ मी करायची, अशी ती वाटणी होती.

म्हणून मी हॉलमध्ये कॅमेरा लावला. मोबाइलवर पप्पांची खुर्ची अगदी स्वच्छ दिसायची. त्याच संध्याकाळी वर तक्रार गेली, "पित्या, हिने तुझ्या जागी दुसरा नेमला आहे. हिला क्षमा कर."

या सगळ्याला भिंतीपलीकडे एक श्रोता होता. शेजारच्या काकू उज्जैनच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज दरबारात कारकून होते, रुबाब मात्र काकूंचा दिवाणाचा. पप्पांचा आवाज चढला की त्या अंगणातून विचारायच्या, "अहो, तुमचा देव ऊंचा सुनता है क्या? कमी ऐकू येतं का त्याला?" पण पप्पांचं आमेन ऐकू आल्याशिवाय त्यांचा रात्रीचा कुकर गॅसवर चढत नसे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ऑफिसातून निघताना मी मोबाइल पाहिला. खुर्ची रिकामी. मी म्हटलं, गेले असतील नाक्यावर कचोरी खायला. निवांत चहा घेतला. सात वाजून गेले आणि काकूंचा फोन आला.

"अगं, आज तुझ्या पप्पांचं आमेन आलंच नाही. माझा कुकर तसाच पडलाय. कुछ तो गडबड है. किल्ली आहे माझ्याकडे, मी आत जातेय."

पप्पा बाथरूममध्ये घसरून पडले होते. कमरेचं हाड मोडलं होतं. माझा कॅमेरा तिकडे खुर्चीवर डोळा ठेवून बसला होता.

ऑपरेशन झालं. यांना आता एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. पप्पा मात्र घर सोडायला तयार नव्हते. घरी आणलं त्या संध्याकाळी काकू मऊ खिचडी घेऊन आल्या आणि पलंगाजवळ बसल्या. पप्पांनी डोळे मिटले, पण त्या दिवशी मी आधी तोंड उघडलं.

"हे प्रेमळ पित्या, तू जाणतोसच, पप्पा हट्टी आहेत. तू बघत होतास ना? मग पाय घसरला तेव्हा धरलं का नाहीस? त्यांना माझ्या घरी यायची बुद्धी दे."

पप्पा आमेन म्हणाले नाहीत. काकू डोळे सताड उघडे ठेवून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या.

मग पप्पा बोलू लागले. आवाज इतका खाली की मला वाकून ऐकावं लागलं. "पित्या, मला धरायला तू शेजारीण पाठवलीस, ते हिला दिसत नाही. बरं, मी जातो हिच्या घरी. माझ्या हाडांसाठी नाही. हिची आई गेल्यापासून ही कुणाजवळ रडलेली नाही. दिवसभर माझ्यावर लक्ष ठेवते. माझ्यामागे हिच्यावर कोण ठेवील? तू ठेव."

मला आमेन म्हणायचं होतं. हुंदका फुटला आणि शब्दच उमटेना. शेवटी काकूंनीच पदराने नाक पुसलं आणि माझ्या वतीने आमेन म्हणून टाकलं, तेही चांगलं खणखणीत, ऊंचा सुनणाऱ्यालाही ऐकू जाईल असं.