मागच्या बॅनरला केलेलं पहिलं भाषण

माझ्या नवऱ्यानं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण स्टेजवरच्या बॅनरला केलं.

माणसांना न्हाय. बॅनरला.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट टाकायची न्हाय, असं त्यांनीच बजावून ठेवलंय.

काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा हे हायस्कूलला भूगोल शिकवत होते. नोकरी सोडली आणि बावड्यातल्या घरात बसले. गेटबाहेर पाऊल टाकायचं नाव न्हाय.

मी चिडायची. "अहो, चार माणसांत चला की!"

"लोक बघत बसतील आणि मला कळणारबी न्हाय."



शेवटी गारगोटीच्या शाळेतले एक मित्र हात धुऊन मागं लागले, आमच्या पोरांशी बोल म्हणून. हे तयार झाले, पण अट घातली. "स्टेजवर कुणी माझ्या हाताला धरायचं न्हाय. तू तर अजिबात न्हाय."

मला फुल टेन्शन. आज फजिती झाली तर हा माणूस परत घराबाहेर पडणार न्हाय.

आणि झालीच की!

माईक हातात आला आणि हे वळले ते थेट मागच्या बॅनरकडं. "विद्यार्थी मित्रांनो..." आणि सगळा हॉल पाठीमागं.

पोरं खुसुखुसु हसायला लागली. मी धावणारच होते, अट आठवली. जागेवरच उभी राहिले.

ह्यांनी माईक खाली घेतला. मला वाटलं, संपलं सगळं.

मग खणखणीत आवाज आला. "पोरांनो, माझं तोंड भलतीकडं हाय काय रं?"

अख्खा हॉल ओरडला, "व्हय सर! मागं फिरा!"

हे फिरले. हसत. "चुकलो, विचारलं, तुम्ही सांगितलं, वळलो. मला एवढंच सांगायचं हाय. बसू का खाली?"

पोरांनी बसू दिलं तर ना!

त्यानंतर ह्यांना घरात बसवून दाखवा म्हणावं. भर पावसात एसटीनं चंदगडला भाषणाला गेलोय आम्ही. सत्काराच्या शाली ठेवायला कपाट पुरेना. बॅनरचा किस्सा हे दर भाषणात सांगायचे. स्टेजवरून उतरले की पहिला प्रश्न ठरलेला, "झोपलं काय कोण?"

"अध्यक्ष," मी सांगायची. खरं तेच.

"माझा नवरा हाय," असं शेजारच्या खुर्चीतल्या बाईला आधीच सांगून ठेवायची मी. अभिमान वाटायचा, का सांगू नये?

आज ह्यांच्या आठवणीत छोटा कार्यक्रम ठेवला होता. चंदगडची श्रुती बोलायला आली. कॉलेजात असताना तिची नजर गेली, शिक्षण सोडून घरी बसली होती. ह्यांचं भाषण ऐकून परत कॉलेजला गेली. आता शिक्षिका हाय.

तिनंही कुणाला हाताला धरू दिलं न्हाय. माईक घेतला आणि नेमकी मागं लावलेल्या ह्यांच्या फोटोकडं तोंड करून उभी राहिली.



"माझं तोंड भलतीकडं हाय काय?" तिनं विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मीच उठून ओरडले, "समोर तुझे सर हायत. नमस्कार कर आणि मागं फिर!"

तिनं हात जोडले. फिरली. आणि काय बोलली म्हणून सांगू!

अहो, आज कोण झोपलं न्हाय. अध्यक्षसुद्धा जागे होते.

ताठ मानेनं नमस्कार तुम्हाला.