रजिस्ट्रीची साफसफाई

माझ्या हुशारीचं काय कौतुक सांगू तुम्हाला! एकदा मी अर्धं उधना इंटरनेटवरून पुसून टाकलं. तेही नीटनेटकेपणाच्या नादात!

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी सुरतेतल्या एका इंटरनेट कंपनीत होते. शहराच्या उधना भागातल्या जिग्नेशभाईंची छोटी इंटरनेट कंपनी आमच्याकडून लाइन घ्यायची आणि आम्ही मुंबईच्या मोठ्या कंपनीकडून. मुंबईवाले भारी कडक! कुणाचे इंटरनेटवरचे पत्ते कुणामार्फत येणार, ते एका रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक नोंदवहीत, लिहायचं. त्यात नोंद असेल तेच पत्ते ते आत घेणार. नसेल तर? दाराबाहेर! रेशनकार्डावर नाव नाही तर धान्य नाही, तसंच.

आमच्या नोंदी माझ्याकडे. गुरुवारी बघते तर आमच्या नावाखाली एक अनोळखी नोंद! "हे कोण बाई आमच्या घरात?" म्हटलं आणि टाकली काढून. हात झटकले, चहा प्यायले.

शुक्रवारी दुपारी जिग्नेशभाईंचा फोन. "बेन, बाहेरचं काहीच उघडत नाही!"

मी इथून त्यांचं मशीन तपासलं. झकास चालू! असणारच की हो, सुरतेतल्या सुरतेत मुंबईला विचारतंय कोण?

"भाई, आमच्याकडून सगळं बरोबर आहे. तुमची वायर बघा."

वायर बदलली. "नथी चालतुं, बेन!"

"मग मोडेम बदला."

बिचाऱ्यांनी मोडेम मागून आणला. "तरी नाही! आणि तुमच्या इंदूमावशी दोन तास बसल्यात इथे."

इंदूमावशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या अमळनेरच्या. मुलगा दुबईला, जहाजावर. शनिवारी पहाटेच निघणार, मग सहा महिने ना फोन ना पत्र. "जिग्नेशभाईंकडे कॉम्प्युटरवर कॅमेऱ्यातून तोंड तरी बघा त्याचं," हे मीच सुचवलेलं. वेळही मीच ठरवून दिलेली!

तेव्हा कुठे कालची नोंद आठवली. ते पत्ते जिग्नेशभाईंचेच! घाईघाईने परत लिहिली, मुंबईला फोन लावला.

"मॅडम, आम्ही यादी रोज पहाटे एकदाच वाचतो. उद्या होईल."

"आज नाही का होणार?"

"काल तर नाव होतं. काढलं कुणी?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी खाली गेले. मुलानं पाठवलेली साडी मावशींच्या अंगावर अजून तशीच.

"मावशी, चूक माझी. ती नोंद मीच काढली."

"का वं माय?"

"ओळखीची वाटली नाही."

मावशी म्हणाल्या, "मग कोणाला विचारायचं ना."

एवढं साधं! इतके कोर्स केले, हे कुणी शिकवलं नव्हतं बघा.

सहा महिन्यांनी जहाज परत आलं. पुन्हा शुक्रवार ठरला. बुधवारी मावशी जिना चढून आल्या, माझा हात हातात घेतला.

"एक मागू का, माय?"

"मागा ना, मावशी!"

"उद्या-परवा तू हाफिसात जाऊ नको."

मी तीन दिवसांची रजा टाकली.