दाखल्याचा अर्ज

आमच्या वाडीच्या शाळेत मुलं नऊ आणि शिक्षिका एकच. त्या बाई कधी प्रशिक्षणाला, कधी मतदार याद्या घेऊन घरोघरी. मग खिचडी शिजवणाऱ्या काकूच मुलांकडून पाढे म्हणून घ्यायच्या. लेक तिसरीत गेली तरी तिला हातच्याची वजाबाकी येईना, तेव्हा माझं डोकं फिरलं. तिला लांज्याच्या शाळेत घालायचं ठरवून मी दाखल्याचा अर्ज लिहिला आणि लागोपाठ तीन दिवस शाळेत गेले. तिन्ही दिवस काकू म्हणाल्या, "बाई मीटिंगला गेल्यात." शाळा सोडायलासुद्धा बाई जागेवर असाव्या लागतात, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी वाडीत सभा झाली. पट कमी म्हणून शाळा बंद करणार, असं तालुक्याचे साहेब सांगू लागले. मी उठून त्यांना फैलावर घेतलं. "बाईंना तुम्ही इथे टिकू देत नाही आणि वर मुलं कमी झाली म्हणता?" अर्ज माझ्या पर्समध्येच होता.

सभेनंतर बाई माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, तुम्ही बोललात म्हणून धीर आला. तीन दिवस येऊन गेलात म्हणे, काय काम होतं?"

"काही नाही, लेकीच्या वजाबाकीचं विचारायचं होतं," मी म्हटलं.

तो अर्ज मी पुढच्या आठवड्यात दिला. बाई मीटिंगला गेल्याची खात्री करून गेले आणि काकूंच्या हातात ठेवून आले.