गोठ्याशेजारचा सराव

मी बोलका माणूस नाही. हातून चुकतं तेही बहुतेक न बोलल्यामुळेच. ही त्यातली अगदी ताजी गोष्ट.

आळे गावातले पेंडवाले शेठ माझे दोस्त. डिस्क गोल्फच्या नादाला त्यांनीच मला लावलं. आंबेगावच्या बाजूला एका शेतकऱ्यानं हौशी लोकांसाठी माळावर लोखंडी खांब रोवलेत. प्रत्येक खांबाला साखळ्यांची झालर, खाली टोपली. लांबून तबकडी फेकत यायचं आणि शेवटी जवळून हलकेच साखळ्यांत टाकायची. त्या शेवटच्या फेकीला पट म्हणतात. दर रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर जातो. लांबची फेक माझी झकास, पण टोपली जवळ आली की हात लुळा.

"लांबून बिबट्या, जवळ आला की मांजर!" शेठ म्हणायचे. तेही चहाच्या टपरीवर, चारचौघांत.

ते मला लागलं. मग घरीच सराव सुरू केला. गोठ्याला लागून असलेल्या आंब्याला सायकलची रिंग टांगली, तिला गाईंच्या जुन्या साखळ्या बांधल्या आणि खाली टोमॅटोचं कॅरेट ठेवलं. दुपारी बायको खुरपायला गेली की मी सुरू. साखळीची एकच कडी हेरायची, नजर तिथंच ठेवायची आणि तिच्याकडं बोट दाखवावं तसा हात सरळ सोडायचा. तबकड्या नीट पडायला लागल्या की एक पाऊल मागं. साखळी खळ्ळकन वाजली की असं बरं वाटायचं, की विचारू नका.

साखळी वाजली की गाई मात्र उठून उभ्या राहायच्या. त्यांच्या लेखी दावणीपाशी कुणीतरी आलंय आणि आता वैरण पडणार. माना वर करून बघत राहायच्या, कंटाळून बसायच्या, तोवर माझी पुढची तबकडी. मला वाटलं, चला, प्रेक्षक मिळाले.

थोड्याच दिवसांत दूध घटलं.

"पेंडीत भेसळ हाय," बायको म्हणाली. "शेठनी माल बदलला."

निवांत बसून रवंथ करायच्या वेळेला मी गाई उठवतोय, हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. तरी म्हणालो, "असंल."

ती थेट दुकानात. मी बाहेर गाडीपाशी. "शेठ, घरच्या माणसाला फसवता व्हय?"

शेठनी पोतं उघडून पेंडीचा तुकडा तोंडात टाकला. "वहिनी, खाऊन दाखवतो. आता तरी?"

"तुमी काय दूध देताय का?"

दुकानातली माणसं हसली. शेठही हसले, पण कान लाल झाले. एका गिऱ्हाइकानं उचललेलं पोतं गुपचूप खाली ठेवलं. मी गाडीचा आरसा पुसत राहिलो.

रविवारी शेठ नेहमीसारखे न्यायला आले. पेंडीचा विषय नाही. त्या दिवशी माझे पट एकामागून एक पडत गेले आणि हा माणूस टाळ्या वाजवतोय! "काय जादू केलीस, राव?" मनापासून आनंद झाला होता त्यांना. पुढच्या टोपलीपाशी मला तबकडी सोडवेना.

"शेठ, पेंड चांगली व्हती."

"म्हाईत हाय. खाल्लीय मी."

मग सगळं सांगितलं. शेठ दगडावर बसले.

"म्हणजे मला हरवायला माझ्याच दुकानाचं नाव घालवलंस?"

"व्हय."

"वहिनींना म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग त्यांना सांग. पण माझ्या दुकानात, गिऱ्हाईक असताना."

त्याच संध्याकाळी साखळ्या सोडल्या. दूध हळूहळू पूर्वीसारखं झालं. पेंड तीच होती. बाजाराच्या दिवशी बायकोला घेऊन दुकानात गेलो आणि भरल्या दुकानात सगळं सांगितलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शेठपुढं हात जोडले. "लई बोलले मी."

"तुमची काय चूक, वहिनी?"

"मग पोतं द्या एक. पैसं हे देतील. पोतंबी हेच उचलतील."

मी पोतं पाठीवर घेतलं. दारापर्यंत गेलो तर मागून शेठचा आवाज आला, "रविवारी सकाळी तयार राहा."

मला वळून बघता आलं नाही. "बरं," एवढंच म्हणालो.