हजार झाला म्हणजे उठतो

सोमवारी दवाखान्याच्या दारावर कागद लागला. एक तारखेपासून दवाखाना बंद, असं त्यात लिहिलं होतं. कारणं दोन होती. सरकारला खर्च कमी करायचा होता आणि रुग्ण येत नव्हते.

शाळेत जाता जाता मी तो मोठ्याने वाचला. समोरच्या ओट्यावर बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. दवाखाना विडी कामगारांचाच होता. सगळ्या बाया उठून दाराशी आल्या. एक वयस्क बाई तेवढी उठली नाही.

"हजार झाला म्हणजे उठतो," ती म्हणाली. पान कापलं, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला. मग मान वर न करता विचारलं, "काऊन गुरुजी, रुग्ण येत नाई म्हंते कागद? मंग माही जाऊ एक दिवस आड कोनाच्या घरी जाते?"

जावेला टीबी होता. कंपाउंडरसमोर गोळ्या गिळायच्या, एकही खेप चुकवायची नाही. दवाखाना गेला असता तर त्या गोळ्यांसाठी गोंदियाची बस धरावी लागली असती. आमच्या केशोरीकडच्या रस्त्यावरून तिथे जाऊन यायला पूर्ण दिवस जातो. जावेला तर ओट्यापर्यंत यायलाही दोनदा बसावं लागायचं. दोघी एका घरात एकाच वर्षी सुना म्हणून आलेल्या. या बाईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. पण त्या सकाळी तिने एकाच विडीला दोनदा दोरा बांधला.

दिवसाच्या हजार विड्या वळून झाल्याशिवाय ती कशालाच उठत नसे. पाहुणे आले, पाऊस आला, एकदा शेजारी साप निघाला, तरी तेच वाक्य. सापही बहुधा वाट पाहून कंटाळला आणि गेला.

मी शिक्षक संघटनेचा चिटणीस. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन रात्री खपून मी पाच पानं लिहिली आणि तिला वाचून दाखवली. तिने विड्या वळत वळत ती ऐकली.

"लय चांगलं लिवलं गुरुजी," ती म्हणाली. "सायबाले झोप येत नसंन तं कामी येईन."

मग दवाखान्यासमोर धरणं धरायचं ठरलं. राईस मिलचे हमाल आले, अंगणवाडीच्या बाया आल्या, तेंदूपत्ता तोडणारी गोंड मंडळी जंगलाकडच्या टोल्यांवरून, म्हणजे पाड्यांवरून, चालत आली. आणि पहिल्याच सकाळी भांडण जुंपलं. हमाल म्हणाले आमचा झेंडा पुढे, आमचे अध्यक्ष म्हणाले आमचा. अर्धा तास आम्ही सरकारला विसरून एकमेकांविरुद्ध घोषणा दिल्या. हमालांचा आवाज मोठा. आम्ही मास्तर लोक घोषणाही शुद्धलेखन सांगितल्यासारख्या देत होतो.

"कायले भांडून राहिले जी?" ती ओट्यावरून ओरडली. "डोक्यावर ऊन पाहा. आधी सावली तं पाडा त्या झेंड्याईची!"

मग सगळे झेंडे एकमेकांना बांधले, काठ्या चहूकडे रोवल्या आणि मांडव झाला. तुम्ही तो पाहायला हवा होता. खाली बसलेल्यांची तोंडं कुठे लाल, कुठे निळी, कुठे हिरवी दिसत होती. अध्यक्षांच्या टकलावर हमालांचा रंग पडला होता. त्यावर हमाल दिवसभर हसले, आणि दुपारी त्यांनीच अध्यक्षांना आपल्या डब्यातली भाजी वाढली.

धरण्याच्या तिसऱ्या दिवशी गोंदियाहून खात्याचे साहेब टेम्पो घेऊन आले. औषधांची कपाटं न्यायची होती. ती दवाखान्याच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती.

"अम्मा, जरा उठिए," साहेब म्हणाले.

"हजार झाला म्हणजे उठतो."

साहेब तरुण होते, सभ्य होते. "ठीक है, हो जाने दो," म्हणाले.

"गुरुजी, सायबाले खुर्ची द्या. अठी, माह्यासमोर," तिने सांगितलं. मी शाळेतून खुर्ची आणून ठेवली.

दुपारी चारला हजार भरत आला. तेव्हा तिने छाट सुरू केली. छाट म्हणजे ठेकेदाराचा माणूस विड्या तपासून खराब म्हणून फेकतो ती. आयुष्यभर तिने ती सोसली होती. आज तीच ठेकेदार झाली, आणि हजार काही भरेना. "हे ढिली. हे वाकडी. हे मले पसंत नाई."

"अम्मा, ये तो अच्छी है," साहेब म्हणाले.

"तुमाले समजते? मंग एक वळून दाखवा."

साहेबांनी पान घेतलं. पान टरकन फाटलं, तंबाखू पँटवर सांडली. सगळा मांडव हसला. टेम्पोवाला इतका हसला की त्याला ठसका लागला आणि कंपाउंडरकडे जाऊन पाणी प्यावं लागलं.

मात्र दिवसभर एक गोष्ट होत होती. साहेबांसाठी न उठलेली ती, रुग्ण आला की गुडघा बाजूला घेऊन वाट देत होती. पोरं घेऊन बाया आल्या, खोकणारे म्हातारे आले. शेवटी भिंतीला धरत तिची जाऊ आली, आत गेली, गोळ्या गिळून बाहेर आली. समोर बसलेल्या साहेबांना ते सगळं पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाच वाजता ते उठले, दारावरच्या कागदाकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी दवाखाना बंद करण्याचा आदेश मागे घेतल्याचं पत्र आलं. माझ्या पाच पानांचा त्यात उल्लेख नव्हता. साहेबांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या रुग्णांचा होता.

"खुर्ची मुद्दाम तिथे ठेवायला सांगितली होतीस?" मी विचारलं.

"मंग? पाठ करून बसला असता तं त्याले काय दिसलं असतं?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून पोटभर हसली.

जावेचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, त्या दिवशी तिने ओट्यावर सगळ्यांना पोहे दिले. अर्धवट सूप बाजूला ठेवून उठली. एवढं एकदाच.

मागच्या वर्षी ती गेली. हे लिहायला मला इतके महिने लागले. ती असती तर म्हणाली असती, गुरुजी, पाचच्या वर पानं करू नका.

जाऊ बाजारात भाजी विकते. दवाखाना उघडा आहे. शाळेची खुर्ची मी परत नेली नाही. ती दारासमोर आहे.