पढो साब आणि दीडशेचा फ्लँज

पढो साबांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता, कानांवर होता. दाबाच्या टाकीला पाइप जोडायची भोकांची जाड चकती, म्हणजे फ्लँज, समोर आला की तो रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा आणि म्हणायचं, “पढो.” त्यावर ठोकलेला आकडा मोठ्यानं वाचेपर्यंत सुटका नाही. ते कारखान्याचे तपासनीस, विद्यानगरला राहणारे. मी देगलूरहून आलेला, आठवीत शाळा सोडलेला ग्राइंडरवाला. माझ्याशी मराठीत बोलायचे, पण छळ तोच.

“वाच रे.”

“सर, कालच वाचला की!”

“काल दुसरा होता. वाच.”

चहा गार व्हायचा. जीव नुसता वैतागायचा.

एकदा ते रजेवर असताना जोडलेली टाकी रंगवून तयार, लॉरी फाटकात, आणि तेव्हा कळलं की नकाशात तीनशेचा फ्लँज आहे नि वेल्डिंग झालंय दीडशेच्या फ्लँजचं. म्हणजे कमी दाब सोसणाऱ्याचं. सेठ थेट माझ्याकडे आले. “ठप्पा घिस डाल, नया मार देंगे. नक्को बोला तो कल से आना नक्को.” नोकरी त्यांची, राहायची खोलीही त्यांचीच. मी ग्राइंडर उचलला. बटण दाबलं.

मागून कुणीतरी बटण बंद केलं. पढो साब!

“आधी वाच.”

इथं माझी भाकर चाललीय आणि ह्या माणसाला वाचन सुचतंय! मी पुटपुटलो, “दीडशे.”

“नकाशात?”

“तीनशे.”

“मोठ्यानं. लॉरीवाल्याला ऐकू जाऊ दे.”

सेठ भडकले. “पानी भर के देखे ना? टपका क्या?”

“वो ठंडा पानी था, सेठ. वहाँ गरम भाप रहती, बाजू में इसके जैसा छोरा खड़ा रहता. काटो. मशीन मैं बंद किया, निकालना तो मेरे कू निकालो.”

आणि फ्लँजवर लाल फुली मारून मोकळे. मग कापणं, नवा जोडणं, पुन्हा पाणी भरून गळती तपासणं. आम्ही सगळे त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो.

सेठनी मला ठेवलं. पढो साबांच्या नोकरीची मुदत मात्र वाढवली नाही.

मुलीकडे निघाले तेव्हा मी नामपल्ली स्टेशनवर सोडायला गेलो. शिट्टी झाली तरी हे डब्यावरच्या आकड्याकडे बोट दाखवत उभेच.

“वाच.”

“सर, गाडी सुटेल! तिकिटावर तोच आहे, चढा ना!”

“वाच रे.”

ओरडून वाचला. मगच चढले, आणि वळूनही न बघता आत गेले. गाडी हलली. एकेक डबा पुढून सरकत होता आणि मी चिडून, मोठ्यानं, प्रत्येकाचा आकडा वाचत होतो. शेवटचा जाईपर्यंत.