मिसबाहची परात

पाचोऱ्याच्या फारुखभाईंची मिसबाह चष्म्याच्या दुकानात नोकरीला म्हणून जळगावला आली, तेव्हा अब्बांनी एकच अट घातली होती. पुन्हा आजारी पडलीस, तर सामान बांधायचं. तिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. मैदा, रवा, शेवया, सगळं कायमचं बंद.

मेहरूणमधल्या तिच्या खोलीत शेगडी लावायची परवानगी नव्हती. संध्याकाळी ती हॉटेलं धुंडाळायची.

"यात गहू नाही ना?"

"नाही ताई, बिनधास्त खा. निव्वळ मैदा आहे."

ती हसायची आणि केळी घेऊन खोलीवर यायची.

मग तलावाच्या रस्त्यावर तिला झुंबरबाईंचं भरीत-भाकरीचं दुकान सापडलं. झुंबरबाई शिरपूरकडच्या, बोलणं अहिराणी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, आणि ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. मिसबाहनं इथंही विचारलं, "मावशी, गहू आहे का?"

"नही वं माय. बठ्ठं ज्वारी-उडीदनं शे."

जळगाव त्या दिवशी तिला पहिल्यांदा आपलं वाटलं. ती रोज जायची, आणि रोज तेच विचारायची.

एका सकाळी मात्र पोट पिळवटून आलं. फोनवर "ठीक हूँ, अब्बा" म्हणताना आवाज चोरटा झाला. अब्बा म्हणाले, "इतवार को आता हूँ."

संध्याकाळी ती कशीबशी झुंबरबाईंपुढे येऊन बसली. "मावशी, काल भाकरीत काही वेगळं होतं?"

झुंबरबाईंचा चेहरा खुलला. "वळखं ना? मूठभर गहूनं पीठ टाकं व्हतं, तुन्हासाठेच. रोज गहू इचारस पोर, मी कितलं दिन नही म्हनू?"

त्यांच्या घरी गहू निघायचा तो सणाला, नाहीतर पाहुण्याला. गव्हाची चौकशी करणारी मुलगी त्यांच्या लेखी गव्हाला आसुसलेलीच होती.

मिसबाहनं आजार समजावून सांगितला. झुंबरबाई बराच वेळ हातातलं पीठ झटकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी फळीवर एक नवी परात पालथी घातलेली होती, शेजारी तिच्या पिठाचा झाकणाचा डबा. "तुन्ही शे. कोनले हात लावू देत नही."

रविवारी अब्बा आले. मुलीचा उतरलेला चेहरा पाहून म्हणाले, "चल घर." तिनं त्यांना आधी झुंबरबाईंकडे जेवायला आणलं. वाटेत घेतलेली मैद्याची खारी मोडून त्यांनी तोंडात टाकली आणि त्याच हातानं कौतुकानं तिच्या ताटातली भाकरी उचलायला गेले.

"ओ भाऊ!" झुंबरबाई कडाडल्या. "खारीना हात तिन्हा ताटमा नही! नळ तथा शे, हात धुई या."

गिऱ्हाईकं वळून पाहू लागली. फारुखभाई निमूटपणे हात धुऊन आले. मुलीचं ताट तसंच बाजूला सरकवलं होतं आणि तिच्या परातीत नवी भाकरी थापली जात होती. ते पाहत बसले. मग स्वतःसाठी भरीत मागवलं. सामानाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

स्टेशनकडे निघताना म्हणाले, "अगले इतवार तेरी अम्मी को लाता हूँ. मावशी को बोल के रख, उसके हाथ भी धुलवाए."